लेकीचं विद्यापीठ, आईची फाईल

मे-जून महिना आला की पेपरचं पहिलं पान शोधावं लागतं. वरची दोन-तीन पानं अख्खी जाहिरातींनीच भरलेली! काचेच्या उंच इमारती, हिरवंगार लॉन, मांडीवर लॅपटॉप घेऊन हसणाऱ्या मुली आणि खाली ठळक अक्षरांत ‘प्रवेश सुरू’. घरात बारावीची मुलगी असेल तर हे पान नुसतं उलटून पुढे जाता येत नाही. लेक ते कापून ठेवते. बाबा ‘बघू’ म्हणतात. आणि आई? ती मनातल्या मनात भिशीचे पैसे मोजायला लागते.

मैत्रिणींनो, आज मला बोलायचंय ते या आईशी. ‘मुलीला पुण्याच्या मोठ्या खासगी विद्यापीठात घालायचं का?’ हा प्रश्न आता बार्शी, चिपळूण, अंबाजोगाई, शिरपूर सगळीकडे घरोघरी आलाय. आपण कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा उलटीसुलटी करून बघतो. साडी घ्यायची तर पदर उलगडायला लावतो. पण हा लाखांतला व्यवहार मात्र ‘पुण्यातलं आहे, मोठं आहे, म्हणजे चांगलंच असणार’ एवढ्यावर होऊन जातो. कागद वाचायचं काम ‘ह्यांच्या’कडे, आणि ह्यांच्याकडून ते कुठल्यातरी ओळखीच्या एजंटाकडे. माझं म्हणणं एवढंच, की ती फाईल आईने आपल्या हातात घ्यावी. इंग्रजी येत नसलं तरी घ्यावी. लेकीला शेजारी बसवून ओळ न् ओळ वाचून घ्यावी.

सगळ्यात आधी हे विद्यापीठ नक्की कोणतं, ते बघा. बाहेरून सगळ्या पाट्या सारख्याच दिसतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ हे १९४९ पासूनचं सरकारी विद्यापीठ, त्याला शेकडो कॉलेजं जोडलेली. दुसरी ती अभिमत विद्यापीठं. यूजीसीच्या १९५६ च्या कायद्यातल्या कलम ३ खाली केंद्र सरकार एखाद्या संस्थेला विद्यापीठासारखा दर्जा देतं, तिला अभिमत म्हणायचं. पतंगराव कदमांनी १९६४ साली काढलेल्या भारती विद्यापीठाला हा दर्जा १९९६ मध्ये मिळाला. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शां. ब. मुजुमदार सरांनी पुण्यात शिकायला आलेल्या परदेशी मुलांना आधार म्हणून १९७१ मध्ये सिम्बायोसिस सुरू केलं, ते २००२ मध्ये अभिमत झालं. आणि तिसरी, राज्याच्या विधिमंडळात कायदा होऊन स्थापन झालेली खासगी विद्यापीठं. कोथरूडचं एमआयटी डब्ल्यूपीयू हे त्यातलं एक, २०१७ पासूनचं. अशा विद्यापीठांसाठी राज्याने २०२३ मध्ये एक सामाईक कायदाही केला.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हाला कशाला? कायदे वकिलांनी बघावेत. पण याच फरकावर तुमच्या घरातले पैसे अवलंबून आहेत. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने मुलींसाठी मोठा निर्णय घेतला. घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. केवढी आनंदाची बातमी! पेढे वाटले लोकांनी. पण ही सवलत सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी होती. मॅनेजमेंट कोट्याला नव्हती, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्या निर्णयातून वगळलेली होती. ‘मुलींना फी माफ झालीये ना’ असं म्हणत खासगी विद्यापीठाचा फॉर्म भरला, तर पहिल्या पावतीलाच डोळ्यांपुढे काजवे चमकतात. म्हणून आपल्या मुलीच्या वर्षी, आपल्या प्रवर्गाला, या विशिष्ट विद्यापीठात कोणती शिष्यवृत्ती लागू आहे, हे फॉर्म भरण्याआधी विचारायचं. विद्यापीठालाही विचारायचं आणि समाजकल्याणच्या कचेरीतही. दोघांचं उत्तर जुळलं तरच खरं मानायचं.

दुसरं कारण याहून गंभीर आहे. छत्तीसगडमध्ये २००२ साली असा एक कायदा झाला, की त्याखाली बघता बघता ११२ खासगी विद्यापीठं निघाली. काहींचा सगळा कारभार एखाददुसऱ्या खोलीत! प्रा. यशपाल यांनी याविरुद्ध याचिका केली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातली ती तरतूदच रद्द केली. विद्यापीठं एका निकालात गेली. ज्या मुलांनी फी भरली होती, त्यांच्या आयांचं काय झालं असेल, याचा विचार करा. आजही यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करते. आपण नाव घातलं की दोन मिनिटांत समजतं. आणखी एक खूण सांगते. राज्याच्या कायद्याने झालेल्या खासगी विद्यापीठाला बाहेरची कॉलेजं जोडून घेता येत नाहीत. तुमच्या तालुक्याच्या गावात कुणी ‘आमचं कॉलेज अमुक खासगी विद्यापीठाशी संलग्न आहे’ म्हणालं, तर चहा पिऊन उठायचं.

मान्यतेचा हा प्रश्न काही आजचा नाही हं. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये पुण्यात स्त्रियांचं विद्यापीठ काढलं, तेव्हा पाच मुली होत्या आणि सरकारी मान्यता नव्हती. आजच्या एसएनडीटीला कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९५१ मध्ये! तोवर अण्णा वर्गणीसाठी देशोदेशी हिंडत होते. पण ‘ताई, ४८ तासांत सीट कन्फर्म करा, नाहीतर गेली’ असा फोन त्यांनी कुणाला केल्याचं ऐकिवात नाही.

हा फोन आता प्रत्येक घरात येतो. कुठल्यातरी संकेतस्थळावर लेकीने नुसता नंबर टाकलेला असतो, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज एक गोड आवाज. ‘मॅम, तुमच्या डॉटरचं प्रोफाइल खूप छान आहे.’ हा आवाज ज्यांचा, त्यांना समुपदेशक म्हणतात. मला विचाराल तर दुकानदार म्हणायला हरकत नाही. दुकानदार असणं वाईट नसतं, फक्त आपण गिऱ्हाईक आहोत हे विसरू नये. घाई करण्यामागे कारण असतं. सरकारी सीईटीच्या फेऱ्या उशिरापर्यंत चालतात, खासगी विद्यापीठांचे प्रवेश त्याआधी उरकतात. कॅपमधून जागा मिळाली तर मुलगी हातची जाईल, म्हणून आधीच पैसे भरून घ्यायचे. आई-बापही मग ‘एक जागा तरी हातात असू दे’ म्हणून भरतात. यात गैर काही नाही. पण भरलेले पैसे परत कसे मिळतात, ते भरण्याआधी ठाऊक हवं.

यूजीसीने ऑक्टोबर २०१८ मध्ये याचे नियम स्पष्ट लिहून दिले. प्रवेशाची जी शेवटची तारीख जाहीर झालेली असते, तिच्या पंधरा किंवा जास्त दिवस आधी प्रवेश रद्द केला तर सगळी फी परत; कापून घ्यायची ती फीच्या पाच टक्क्यांपर्यंत, आणि तीही पाच हजारांच्या वर नाही. त्या पंधरवड्याच्या आत रद्द केला तर नव्वद टक्के. तारीख उलटून पंधरा दिवसांपर्यंत ऐंशी टक्के, महिन्यापर्यंत पन्नास टक्के, आणि महिना उलटला की हात हलवत परत. २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी तर यूजीसीने खास पत्रकं काढून ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर हजार रुपये कापून बाकीची परत द्या, असं बजावलं होतं. म्हणून तुमच्या वर्षीचं पत्रक शोधा, छापून घ्या आणि फाईलला लावा.

आमच्या शेजारच्या वहिनींना २०२४ मध्ये या कागदाचा उपयोग झाला. त्या वर्षी बीबीए-बीसीएला पहिल्यांदाच सीईटी आली, सगळा गोंधळ होता. त्यांनी लेकीसाठी एका खासगी विद्यापीठात बीसीएला पैसे भरून ठेवले आणि नंतर कॅपमधून आपल्याच जिल्ह्यात जागा मिळाली. पैसे परत मागितले तर उत्तर आलं, ‘पावतीवर लिहिलंय ना, फी परत मिळणार नाही.’ वहिनी शांतपणे म्हणाल्या, ‘पावती तुमची आहे. हे पत्रक यूजीसीचं आहे. तुम्ही नाही म्हणताय ते मला ई-मेलवर लिहून द्या.’ लिहून काही आलं नाही. दीड महिन्याने पैसे आले. नसते आले तर यूजीसीच्या ‘ई-समाधान’ पोर्टलवर तक्रार करायची त्यांची तयारी होती. त्याच नियमांत असंही आहे, की दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं आणि दाखले संस्थेने तपासून लगेच परत द्यायचे, अडकवून ठेवायचे नाहीत. ‘ओरिजिनल आमच्याकडे राहतील’ असं कुणी म्हणालं, तर हेच पत्रक पुढे करायचं.

आता पैशांचं. फीचा आकडा विचारताना आपण फक्त ‘वर्षाची फी किती?’ एवढंच विचारतो. खरं तर विचारायचं असं, की पहिल्या वर्षाची फी चारही वर्षं तीच राहणार की दर वर्षी वाढणार? होस्टेल वेगळं, मेस वेगळी, अनामत वेगळी, धुलाई वेगळी, परीक्षेची फी वेगळी. सगळं मिळून चार वर्षांचा एक आकडा एका कागदावर मागा. तो कागद देताना का कू होत असेल, तर त्यातच उत्तर मिळालं.

माझी धाकटी बहीण बार्शीला असते. तिची मोठी मुलगी २०२३ मध्ये बारावी झाली. कॅपमधून हवी ती शाखा मिळेना, पुण्याच्या एका खासगी विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा मात्र पोरगी पास झाली. संगणक अभियांत्रिकी मिळालं. मेव्हण्यांचं छोटं किराणा दुकान आणि बहीण ब्लाउज शिवते. घरातलं साठवलेलं सगळं धरूनही आठ लाखांचं कर्ज काढावं लागणार होतं. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत काही तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागतो आणि त्याच्या वर गेलं की तारण मागतात. बँकेने घराचा उतारा मागितला. आणि घर होतं बहिणीच्या सासूबाईंच्या नावावर!

सासूबाईंनी जो प्रश्न विचारला, तो पुष्कळ घरांत विचारला जातो, म्हणून इथे लिहिते. त्या म्हणाल्या, ‘पोरगी शिकंल, नोकरीला लागंल, तवर लग्नाची होईल. मग ह्ये कर्ज कुणी फेडायचं? सासरचे फेडतेत व्हय?’

बघा, प्रश्न खोचक वाटला तरी रास्त आहे. शैक्षणिक कर्ज मुलीच्याच नावावर असतं, आई किंवा वडील सहकर्जदार. अभ्यासक्रम संपून साधारण एक वर्ष झालं की हप्ते सुरू होतात. म्हणजे मुलगी बावीस-तेवीसची. स्थळं यायला लागतात ती नेमकी त्याच वेळी. मी त्या दिवशी कागद-पेन घेऊन बहिणीच्या स्वयंपाकघरात बसले आणि हिशेब मांडला. दर वर्षी दोन लाख याप्रमाणे चार वर्षांत आठ लाख उचलले, व्याज दहा टक्के धरलं, तर शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत नुसतं सरळ व्याजच २ लाख ८० हजार होतं. म्हणजे हप्ते सुरू होताना कर्ज १० लाख ८० हजार. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे १४ हजार ३०० रुपयांचा हप्ता. पण शिकत असतानाच व्याज भरत गेलं, तर मुद्दल आठ लाखच राहतं आणि हप्ता १० हजार ६०० च्या आसपास येतो. त्यासाठी पहिल्या वर्षी महिन्याला साधारण १ हजार ७०० रुपये, दुसऱ्या वर्षी ३ हजार ३००, मग पाच हजार आणि चौथ्या वर्षापासून ६ हजार ७०० च्या आसपास काढावे लागतात. बहीण लगेच म्हणाली, ‘ताई, पहिल्या दोन वर्षांचं व्याज माझ्या शिलाईतून जाईल. पुढचं पुढे बघू.’ भाची एवढा वेळ गप्प बसली होती. ती म्हणाली, ‘आजी, कर्ज मीच फेडणार. आणि जो कुणी बघायला येईल, त्याला हे पहिल्या चहालाच सांगायचं.’

मला विचाराल तर हे वाक्य प्रत्येक घरात बोललं गेलं पाहिजे. लपवलेलं कर्ज लग्नानंतर बाहेर येतं, तेव्हा त्याचा हप्ता पैशांत नाही, टोमण्यांत फेडावा लागतो. मुलीचा पगार लग्नानंतरही पाच-दहा वर्षं हप्त्यात जाणार, हे दोन्हीकडच्यांना आधी माहीत असावं. मुलाने कर्ज काढलं की ‘शिकलाय, फेडेल’ म्हणतात आणि मुलीने काढलं की ‘कोण फेडणार?’ हा दुटप्पीपणा कधी जायचा तो जाईल. तोवर हिशेब लेखी असलेला बरा.

पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम-विद्यालक्ष्मी ही योजना मंजूर केली. एनआयआरएफच्या क्रमवारीवरून ठरवलेल्या यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला, तर तारण नाही आणि जामीनदारही नाही. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत नसेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला शिक्षणाच्या काळात आणि नंतरच्या सवलतीच्या वर्षात तीन टक्के व्याजसवलतही. मॅनेजमेंट कोट्याला मात्र ही योजना नाही. तेव्हा विद्यापीठाचं नाव त्या यादीत आहे का, हेही विचारून ठेवा. आणि हो, कितीतरी सरकारी बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सूट देतात. न मागता ती सांगतीलच असं नाही, आपण तोंड उघडून विचारायचं.

तर सासूबाई. त्या म्हणाल्या, ‘सही करते. पण आधी मी जागा बघणार.’ शहात्तर वर्षांच्या बाई, गुडघे दुखतात, पण ऐकेनात. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट झालेली आणि मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट. त्यामुळे खर्चाचा बहाणाही चालेना! आम्ही चौघी बायका पहाटेच्या गाडीने निघालो. स्वारगेटला उतरलो तेव्हा कळलं, की ‘पुण्याचं’ विद्यापीठ स्वारगेटहून आणखी तासाभराच्या अंतरावर आहे. हे बऱ्याच ठिकाणी होतं. लवळे, लोणी काळभोर, लोहगाव अशा बाजूला मोठाले कॅम्पस आहेत. जागा मोकळी, हवा छान. पण रात्री आठनंतर तिथे बस किती, रिक्षा मिळते का, हे माहितीपुस्तकात नसतं. ते फाटकाबाहेरच्या चहावाल्याला विचारायचं.

आम्हाला दाखवायला आलेल्या मॅडम मोठं सभागृह, तरणतलाव, कॉफीचं दुकान असं दाखवत होत्या. सासूबाईंनी एकदाही मान हलवली नाही. त्या म्हणाल्या, ‘पोरींची न्हाणीघरं दाव.’ मॅडम गोंधळल्या. पण गेलो. त्यांनी प्रत्येक दाराची कडी लावून बघितली. मेसमध्ये जाऊन आचाऱ्याला विचारलं, भाकरी कधी असते. आणि मग रेक्टरबाईंना विचारलं, ‘रात्री दोनला पोरीच्या पोटात दुखलं, तर तिनं कुणाचं दार वाजवायचं?’ रेक्टरबाई भल्या होत्या. त्यांनी आपली खोली दाखवली, रात्रपाळीच्या नर्सचं टेबल दाखवलं, कोणत्या हॉस्पिटलात नेतात ते सांगितलं. परत येताना गाडीत सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘बाई बरी हाय.’ दुसऱ्या आठवड्यात त्यांनी बँकेत सही केली.

या सगळ्यात मी ज्या गोष्टींसाठी गेले होते त्या कोरड्या होत्या, पण त्याही सांगते. जाहिरातीत ‘सर्वाधिक पॅकेज ४० लाख’ असं असतं. ते एका मुलाला मिळालेलं असतं. आपल्याला मधल्या मुलीचा पगार किती, ते हवं असतं. एनआयआरएफ ही केंद्र सरकारची क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यात भाग घेणाऱ्या संस्थांना किती मुलं उत्तीर्ण झाली, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यम पगार किती, ही माहिती द्यावी लागते आणि स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवावी लागते. ते पान उघडायला लावा. नॅकची श्रेणीही बघा, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीतल्या लोकांनाच लाचेच्या प्रकरणात अटक केली होती. त्यापेक्षा कॅम्पसवरच्या तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना बाजूला घेऊन विचारा. त्यातली एक तरी खरं बोलते.

प्रवेश झाला, ट्रंक भरली, लाडू-चिवडा दिला, की आपलं काम संपलं असं वाटतं. खरा कस पुढच्या चार महिन्यांत लागतो. भाचीचा तिसऱ्याच आठवड्यात रडत फोन. ‘आई, इथं सगळ्या फाडफाड इंग्रजी बोलतात गं. मी वर्गात तोंडच उघडत नाही.’ दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली पोर. अकरावी-बारावीला पुस्तकं इंग्रजी, पण शिकवणं मराठीतूनच व्हायचं. इथे दर आठवड्याला काहीतरी सादर करायचं, गटात प्रकल्प, वर्षभर थोडे थोडे गुण. गावातल्या कॉलेजात वर्षाअखेरी रट्टा मारून निभावतं. इथे एका महिन्याची गैरहजेरीही महागात पडते. त्यात खोलीतल्या दोघी बाहेरून पिझ्झा मागवणाऱ्या, आणि हिच्या कपाटात शेंगदाण्याची चटणी. चटणी तिने आठवडाभर लपवून ठेवली होती. मग एकदा रात्री मेसचं जेवण बेचव निघालं, आणि त्या दोघींनीच डबा रिकामा केला!

बहिणीने तेव्हा ‘परत ये’ही म्हटलं नाही आणि ‘आठ लाख घातलेत, आठवतंय ना’ हेही म्हटलं नाही. दुसरं वाक्य तोंडावर येतं बरं का, फार येतं. त्याऐवजी तिने विचारलं, ‘वर्गात तुझ्यासारखं गप्प कोण बसतं?’ भाचीने शोधलं तर पाच-सहा जणी निघाल्या. परभणीची, धुळ्याची, एक तर मणिपूरची. त्यांनी संध्याकाळी एकमेकींपुढे उभं राहून इंग्रजी बोलायचं ठरवलं. पहिल्या सत्रात एका विषयात ती नापास झाली. पुढच्या सत्रात सुटला. गुण अजूनही फार नाहीत. पण आता ती शिक्षकांना थेट विचारते आणि फी-कार्यालयातल्या माणसाशी भांडतेसुद्धा.

काही कागद मात्र पहिल्याच आठवड्यात हातावेगळे करा. रॅगिंग करणार नाही, अशी हमी मुलीने आणि पालकांनी दोघांनीही द्यायची असते; यूजीसीचा २००९ चा नियम आहे तसा. ती भरताना १८००-१८०-५५२२ ही चोवीस तास चालणारी मदतवाहिनी मुलीच्या फोनमध्ये जपून ठेवा. छेडछाडीच्या तक्रारींसाठी प्रत्येक विद्यापीठात अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्यात कोण आहे, कुठे बसतात, हे मुलीने स्वतः जाऊन बघून यावं. अडचण आल्यावर शोधत बसायला नको.

मागच्या उन्हाळ्यात पंढरपूरच्या एका मैत्रिणीने पत्रातून विचारलं होतं, ‘ताई, एवढं करून तिथे जमलंच नाही तर? वर्ष आणि पैसे दोन्ही पाण्यात?’ फीचे नियम वर सांगितलेच. महिना उलटला की ते दार बंद होतं, म्हणून पहिला महिना डोळ्यांत तेल घालून बघायचा. वर्षाचं मात्र आता पूर्वीइतकं नुकसान होत नाही. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर बीए, बीकॉम, बीएस्सीसारख्या अभ्यासक्रमांत पहिलं वर्ष पुरं करून, वर एक छोटा व्यवसायकौशल्याचा अभ्यासक्रम केला, तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, दोन वर्षांनी पदविका. मिळवलेले क्रेडिट ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात आणि दुसरं विद्यापीठ घेणार असेल तर तिथे नेता येतात. सगळीच विद्यापीठं सगळे क्रेडिट घेतात असं नाही, ते आधी लेखी विचारावं लागतं. त्या बँकेत मुलीचा बारा आकडी क्रमांक असतो. तो तिच्या फोनमध्ये असेलच. तुमच्या फाईलच्या पहिल्या पानावरही लिहून ठेवा, आणि पहिल्या वर्षाचं मूळ गुणपत्रक हातात आल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका.